जॉन वेस्ली : एका जागृतीचा दीर्घ प्रवास

राजकारणात काय आणि धर्मकारणात काय, एक अनुभव वारंवार येतो. एखादी व्यक्ती उभी राहते, तिच्या वाणीत विलक्षण सामर्थ्य असते, हजारो लोक कामधंदा विसरून तिच्या मागे जातात. आणि ती व्यक्ती काळाच्या पडद्याआड गेली, की थोड्याच वर्षांत त्या चळवळीची आठवणही पुसट होते. या सामर्थ्याला वृत्तपत्रांतून ‘करिश्मा’ म्हटले जाते. हा शब्द मूळचा नव्या कराराच्या ग्रीक भाषेतील आहे. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो ‘कृपादान’ या अर्थाने येतो. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तो सामाजिक व राजकीय चर्चेत रूढ केला आणि त्याबरोबरच एक अवघड प्रश्नही उभा केला : पुढारी गेल्यानंतर त्याच्या ठायी असलेल्या या सामर्थ्याचे काय होते?

ख्रिस्ती मंडळीला हा प्रश्न परका नाही. जागृतीच्या लाटा येतात, मोठमोठ्या सभा होतात, लोक रडतात, पश्चात्ताप करतात. पुढे दहा वर्षांनी त्यांपैकी किती जण प्रभूच्या मार्गात चालत असतात? या प्रश्नाचा विचार करताना जॉन वेस्ली यांचे चरित्र फार उपयोगी पडते. वेस्लींच्या काळी त्यांच्याहून अधिक प्रभावी वक्ता इंग्लंडात होता. परंतु दीर्घकाळ टिकलेल्या कार्याची घडी बसवण्यात मात्र वेस्लींचा हात धरणारा कोणी नव्हता. असे का झाले, आणि त्या टिकण्याची किंमत काय पडली, हे पाहण्याचा येथे प्रयत्न करावयाचा आहे.

पाळकाच्या घरातील शिस्त

जॉन वेस्ली यांचा जन्म १७०३ च्या जून महिन्यात इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यातील एपवर्थ या गावी झाला. वडील सॅम्युअल हे चर्च ऑफ इंग्लंडचे पाळक. आई सुझॅना ही असामान्य कर्तृत्वाची स्त्री होती. तिला एकोणीस मुले झाली. त्यांत जॉन पंधरावे. यांतील पुष्कळ मुले बालपणीच दगावली. उरलेल्यांना सुझॅनाने घरीच शिकवले. प्रत्येक मुलाबरोबर एकांतात बसून त्याच्या आत्मिक स्थितीविषयी बोलण्यासाठी आठवड्यातील एक ठराविक वेळ तिने राखून ठेवली होती. पुढे वेस्लींनी जी पद्धत हजारो लोकांना लावून दिली, तिचे बीज या स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीतच पडले होते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

१७०९ साली एका रात्री पाळकांच्या घराला आग लागली. बाकी सारे बाहेर आले. पाच वर्षांचा जॉन वरच्या मजल्यावर अडकला. शिडी आणण्यास वेळ नव्हता. तेव्हा एका माणसाच्या खांद्यावर दुसरा उभा राहिला आणि मुलाला खिडकीतून ओढून घेण्यात आले. त्यानंतर लगेच छप्पर आत कोसळले. देवाने काही विशेष कार्यासाठी या मुलाला राखले आहे, अशी सुझॅनाची खात्री झाली.

१७२० मध्ये जॉन ऑक्सफर्डला गेले. १७२६ मध्ये तेथील लिंकन कॉलेजचे फेलो झाले आणि १७२८ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. धाकटे बंधू चार्ल्स यांनी काही विद्यार्थ्यांची एक छोटी संगत जमवली होती. तिचे पुढारीपण लवकरच जॉन यांच्याकडे आले. हे तरुण वेळापत्रक आखून पवित्र शास्त्राचा अभ्यास करीत, उपवास करीत, वरचेवर प्रभुभोजन घेत आणि तुरुंगातील कैद्यांना भेटत. त्यांच्या काटेकोर पद्धतीमुळे इतर विद्यार्थी चेष्टेने त्यांना ‘मेथडिस्ट’ म्हणू लागले. थट्टेत मिळालेले हे नाव पुढे एका जागतिक मंडळीचे नाव झाले.

अपयश आणि मनःपालट

पद्धत होती, शिस्त होती. शांती मात्र नव्हती. १७३५ च्या अखेरीस वेस्ली अमेरिकेतील जॉर्जिया या वसाहतीत मिशनकार्यासाठी निघाले. अटलांटिकवर भयंकर वादळ झाले. मुख्य शीड फाटले, पाणी आत घुसले, प्रवासी आक्रोश करू लागले. परंतु जहाजावरील जर्मन मोरेव्हियन ख्रिस्ती लोक, बायकामुलांसह, शांतपणे स्तोत्रे गात राहिले. आपल्याला मरणाचे भय वाटते आणि या साध्या माणसांना वाटत नाही, ही जाणीव वेस्लींच्या मनात खोल रुतून बसली.

जॉर्जियातील कार्य फसले. तेथील रहिवाशांना त्यांचा कडकपणा मानवला नाही. सोफिया हॉपकी नावाच्या तरुणीवर त्यांचे मन जडले होते. परंतु निर्णय घेण्यात त्यांनी चालढकल केली आणि तिने दुसऱ्याशी विवाह केला. पुढे वेस्लींनी तिला प्रभुभोजन नाकारले. प्रकरण न्यायालयात गेले, आणि १७३७ च्या डिसेंबरात ते अक्षरशः रात्रीच्या अंधारात वसाहत सोडून निघाले. पस्तिशीकडे झुकलेला हा विद्वान पाळक मायदेशी परतला तो पराभूत होऊन.

लंडनमध्ये पीटर ब्योलर या मोरेव्हियन उपदेशकाने त्यांना विश्वासाने मिळणाऱ्या तारणाविषयी समजावून सांगितले. २४ मे १७३८ रोजी संध्याकाळी ऑल्डर्सगेट मार्गावरील एका छोट्या सभेत वेस्ली काहीशा अनिच्छेनेच गेले. तेथे रोमकरांस पत्राला मार्टिन ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना वाचली जात होती. पावणेनऊच्या सुमारास, ख्रिस्ताने आपले, प्रत्यक्ष आपले, पाप हरण केले आहे, असा विश्वास त्यांच्या ठायी जागा झाला. मेथडिस्ट मंडळ्या आजही हा दिवस पाळतात.

व्हिटफील्ड आणि वेस्ली

ऑक्सफर्डच्या त्याच संगतीतून आलेला जॉर्ज व्हिटफील्ड हा खाणावळवाल्याचा मुलगा. असा वक्ता त्या शतकात झाला नाही. १७३९ च्या फेब्रुवारीत त्याने ब्रिस्टलजवळील किंग्जवुड येथे कोळशाच्या खाणीतील मजुरांना उघड्या माळावर उपदेश केला. या मजुरांना चर्चच्या इमारतीत कोणी विचारीत नव्हते. फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनने त्याचे भाषण ऐकताना मागे मागे जाऊन अंतर मोजले आणि तीस हजारांहून अधिक लोकांना हा आवाज ऐकू जाऊ शकेल, असा हिशोब केला.

व्हिटफील्डने वेस्लींना ब्रिस्टलला बोलावले. चर्चबाहेर उपदेश करणे म्हणजे जवळजवळ पाप, असे मानणारे वेस्ली फार संकोचले. तथापि २ एप्रिल १७३९ रोजी ते नगराबाहेर एका उंचवट्यावर उभे राहिले आणि सुमारे ३००० लोकांना त्यांनी सुवार्ता सांगितली. त्या दिवसापासून त्यांची खरी भ्रमंती सुरू झाली. पुढील पन्नासहून अधिक वर्षांत त्यांनी बहुधा घोड्यावरून व उतारवयात बग्गीतून सुमारे अडीच लाख मैल प्रवास केला आणि चाळीस हजारांच्या आसपास उपदेश केले, असा अंदाज केला जातो.

आरंभीच्या काळात ब्रिस्टलच्या सभांत चमत्कारिक प्रकार घडू लागले. उपदेश चालू असताना लोक किंचाळत, भूमीवर कोसळत, थरथर कापत. विरोधकांना टीकेसाठी हे आयतेच कोलीत मिळाले. वेस्लींनी हे प्रकार थेट धिक्कारले नाहीत, तसेच ते पवित्र आत्म्याचा अंतिम पुरावा आहेत, असेही मानले नाही. जो कोसळला तो उठल्यावर कसा वागतो, दारू सोडतो का, बायकामुलांशी ममतेने वागतो का, इकडे त्यांची नजर असे.

व्हिटफील्ड व वेस्ली यांच्यात पूर्वनियोजनाच्या सिद्धांतावरून तीव्र मतभेद झाले आणि त्यांचे मार्ग वेगळे झाले, पुढे स्नेह मात्र पुन्हा जुळला. १७७० मध्ये व्हिटफील्ड अमेरिकेत मरण पावला, तेव्हा लंडनमधील स्मरणार्थ उपदेश वेस्लींनीच केला. व्हिटफील्डच्या उपदेशाने वळलेल्या अगणित माणसांना एकत्र बांधणारी व्यवस्था त्याने उभारली नव्हती. ही माणसे निरनिराळ्या मंडळ्यांत विखुरली. याचे कारण त्याचा सिद्धांत, असे मात्र म्हणता येणार नाही. वेल्समध्ये त्याच कॅल्व्हिनपंथी सिद्धांताच्या मेथडिस्टांना हॉवेल हॅरिस यांनी छोट्या संगतींत बांधले, आणि ते कार्य टिकले. त्याच वेल्श मंडळीने १८४१ मध्ये आपल्या ईशान्य भारतातील खासी टेकड्यांत मिशनरी पाठवले. आजच्या मेघालय व मिझोराम येथील प्रेस्बिटेरियन मंडळ्या हे त्याच झाडाचे फळ होय.

एका पेनीचा वर्ग

वेस्लींच्या कार्याचा कणा ठरलेली गोष्ट कोणत्याही दृष्टान्तातून आली नाही. ती कर्जातून आली. ब्रिस्टल येथे त्यांनी ‘न्यू रूम’ हे सभागृह बांधले होते व त्याचे ऋण फिटत नव्हते. १७४२ च्या फेब्रुवारीत याविषयी चर्चा चालू असता फॉय नावाच्या एका कप्तानाने सुचवले, की प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी. अनेकांना तेवढेही परवडणार नाही, अशी हरकत निघाली. त्यावर तो म्हणाला, की सर्वांत गरीब अशा अकरा जणांची नावे माझ्याकडे द्या. मी दर आठवड्यास त्यांच्याकडे जाईन आणि जे कमी पडेल ते माझ्या पदरचे घालीन.

वर्गणी गोळा करणारे घरोघर जाऊ लागले तेव्हा भलतेच काही दिसू लागले. कोणाच्या घरात अन्न नव्हते, कोणी आजारी होते, कोणी पुन्हा मद्याच्या आहारी गेला होता. वेस्लींच्या ध्यानात आले, की आपल्याला हवी होती ती व्यवस्था हीच. बारा-बारा जणांचे वर्ग नेमण्यात आले. वर्ग आठवड्यातून एकदा जमे. प्रत्येकाने आपल्या आत्मिक स्थितीविषयी सांगावे, इतरांनी त्यास धीर द्यावा अथवा बोध करावा, प्रार्थना करावी, असा क्रम असे. वर्गप्रमुख हा पाळक नसे. तो विणकर, चांभार, दुकानदार असे आणि अनेक वर्गांची प्रमुख स्त्री असे. ज्या माणसाला अवघ्या इंग्लंडात कोणी नावाने ओळखत नव्हते, त्याच्या आत्म्याची विचारपूस करणारे आता कोणीतरी होते.

दर तीन महिन्यांनी सभासदत्वाचे तिकीट नव्याने मिळे आणि ते मिळेलच असे नसे. १७४३ मध्ये न्यूकॅसल येथे वेस्लींनी ६४ जणांना काढून टाकले व त्याची कारणे रोजनिशीत नोंदवली : १७ मद्यपानासाठी, एक जण पत्नीला मारहाण केल्याबद्दल, तिघे सवयीने खोटे बोलण्याबद्दल, आणि सर्वांत मोठी संख्या, २९, ही उथळपणा व बेफिकिरीबद्दल. सभासदांची संख्या फुगवण्याची हौस असणाऱ्या पुढाऱ्याने हे कधीच केले नसते.

वर्गांची मिळून मंडळे, मंडळांची मिळून सर्किटे झाली आणि सर्किटांतून फिरते उपदेशक नेमण्यात आले. यांतील बहुतेकांना दीक्षा नव्हती. थॉमस मॅक्सफील्ड हा अदीक्षित तरुण उपदेश करू लागला आहे, हे कळताच वेस्ली संतापून लंडनला आले होते. तेव्हा वृद्ध सुझॅनानेच त्यांना थांबवले आणि आधी त्याचे ऐकून फळ पाहावे, असा सल्ला दिला. वेस्लींनी ऐकले आणि त्यांचे मत पालटले. या उपदेशकांची वार्षिक कॉन्फरन्स १७४४ पासून भरू लागली. कोणताही उपदेशक एका ठिकाणी एक-दोन वर्षांपेक्षा अधिक राहात नसे. त्यामुळे कोणाभोवती वैयक्तिक अनुयायांचा गोतावळा जमत नसे आणि एखाद्याच्या जाण्याने कार्य खोळंबत नसे.

लोकांनी हे सारे सुखासुखी होऊ दिले नाही. १७४३ मध्ये वेन्सबरी येथे जमावाने वेस्लींना केस धरून ओढले, मारले. मेथडिस्टांची घरे लुटली. एपवर्थच्या चर्चमध्ये १७४२ मध्ये त्यांना उपदेश करू दिला नाही, तेव्हा ते अंगणातील वडिलांच्या थडग्यावर उभे राहून लागोपाठ अनेक संध्याकाळी बोलले. गरिबांसाठी दवाखाना, बिनव्याजी कर्जाचा निधी, मुलांसाठी शाळा, स्वस्त पुस्तके, घरगुती औषधांचा ग्रंथ, असे अनेक उपक्रम त्यांनी चालवले. पुस्तकांतून पुष्कळ पैसा मिळाला, तो सारा त्यांनी वाटून टाकला. १७७४ मध्ये त्यांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध एक पुस्तिका प्रसिद्ध केली.

मोहाची घडी

अशा चळवळींना एक धोका नेहमीच असतो. पुढाऱ्याने ज्वाला पेटवली, की दुसरा कोणी तीच ज्वाला घेऊन पुढाऱ्याच्याही पुढे धावतो. जॉर्ज बेल नावाच्या माजी सैनिकाने लंडनच्या मंडळात आपल्याला विशेष प्रकटीकरण होते, असे सांगण्यास आरंभ केला आणि २८ फेब्रुवारी १७६३ रोजी जगाचा अंत होणार, असे भाकीत केले. शहरात घबराट पसरली. वेस्लींनी त्या संध्याकाळी मुद्दाम उपदेश करून हे भाकीत खोटे असल्याचे सांगितले आणि ते नेहमीप्रमाणे दहाच्या सुमारास झोपी गेले. मॅक्सफील्डने बेलची बाजू घेतली होती. तोही वेगळा झाला आणि त्याच्याबरोबर अनेक सभासद गेले. ही हानी वेस्लींनी सोसली. आधीच्या काही महिन्यांत मात्र त्यांनी बेलच्या उत्साहाकडे जरा अधिकच सहानुभूतीने पाहिले, असा ठपका त्यांच्यावर येतो आणि तो अगदीच निराधार नाही.

त्यांचे इतर दोषही झाकून ठेवण्याचे कारण नाही. कॉन्फरन्समध्ये चर्चा होई, पण निर्णय त्यांचा एकट्याचा असे. त्यांचा संसार दुःखाचा झाला. १७५१ मध्ये मेरी व्हॅझेल या विधवेशी त्यांनी विवाह केला. सततचा प्रवास, तिचा संशयी स्वभाव आणि त्यांची बेपर्वाई यांमुळे दोघांचे पटले नाही आणि ती त्यांना सोडून गेली. १७८१ मध्ये ती वारली, ही बातमीही त्यांना अंत्यविधीनंतर समजली. राजकारणातही त्यांचे पाऊल चुकले. १७७५ मध्ये त्यांनी अमेरिकन वसाहतींच्या बंडाविरुद्ध एक पुस्तिका काढली. तिचा बराच भाग डॉ. सॅम्युअल जॉन्सनच्या लेखनातून घेतलेला होता. तिच्यामुळे अमेरिकेतील मेथडिस्ट संशयाच्या भोवऱ्यात सापडले. इंग्लंडातून गेलेले उपदेशक एकामागून एक परतले. फ्रान्सिस अॅस्बरी तेवढे तेथे राहिले.

वारसा कोणाला?

उत्तराधिकाऱ्याचा प्रश्न वेस्लींना फार वर्षे छळत होता. १७७३ मध्ये त्यांनी मॅडलीचे साधुवृत्तीचे पाळक जॉन फ्लेचर यांना आपली जागा घेण्याची विनंती केली. फ्लेचर यांनी ती मान्य केली नाही आणि १७८५ मध्ये ते वेस्लींच्या आधीच निवर्तले. तेव्हा दुसरा वेस्ली शोधण्याचा नाद सोडून त्यांनी वेगळी वाट धरली. १७८४ मध्ये एक कायदेशीर दस्तऐवज करून त्यांनी शंभर उपदेशकांची नावे नोंदवली आणि आपल्यामागे कॉन्फरन्सचे सर्व अधिकार या शंभरांकडे जातील, असे ठरवले. ज्यांची नावे वगळली गेली, ते दुखावले. काही जण सोडून गेले. म्हणून वेस्लींनी १७८५ मध्ये एक पत्र लिहून ठेवले. त्या शंभरांनी इतरांवर वर्चस्व गाजवू नये, अशी कळकळीची विनवणी त्यात होती. त्यांच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या कॉन्फरन्समध्ये ते वाचले गेले.

त्याच १७८४ मध्ये त्यांनी दुसरे धाडस केले. स्वातंत्र्ययुद्धानंतर अमेरिकेत हजारो मेथडिस्टांना बाप्तिस्मा व प्रभुभोजन देण्यास पाळक नव्हते आणि लंडनचे बिशप दीक्षा देण्यास तयार नव्हते. तेव्हा वेस्लींनी स्वतःच दोघांना दीक्षा दिली आणि थॉमस कोक यांना तेथील कार्याचे अधीक्षक नेमले. बंधू चार्ल्स यांना हे मुळीच रुचले नाही. आपण चर्च ऑफ इंग्लंडचेच आहोत, असे वेस्ली शेवटपर्यंत म्हणत राहिले. पण वाट फुटली होती. गंमत अशी, की ज्या अमेरिकन मंडळीसाठी त्यांनी हे केले, तिने १७८७ मध्ये त्यांची आज्ञा पाळण्याचे वचन आपल्या नियमांतून काढून टाकले. लेकरू स्वतःच्या पायावर उभे राहिले होते.

२ मार्च १७९१ रोजी लंडन येथे वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी वेस्ली प्रभूकडे गेले. त्याआधी थोडेच दिवस त्यांनी विल्बरफोर्स यांना गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यात धीर देणारे पत्र लिहिले होते. मृत्युपत्राप्रमाणे त्यांची शवपेटी सहा गरीब बेकार माणसांनी वाहिली आणि त्यांस प्रत्येकी वीस शिलिंग देण्यात आले. त्या वेळी ब्रिटिश बेटांत सत्तर हजारांहून अधिक सभासद होते.

टिकण्याची किंमत

१७९१ च्या कॉन्फरन्सने नवा वेस्ली निवडला नाही. एका वर्षापुरता अध्यक्ष निवडला. चळवळ टिकली. पण टिकणाऱ्या प्रत्येक गोष्टीला किंमत पडते. १७९७ मध्ये अलेक्झांडर किल्हॅम यांच्या अनुयायांनी सामान्य सभासदांना कारभारात अधिकार हवा, म्हणून वेगळी मंडळी काढली. १८११ च्या सुमारास माळावरच्या प्रार्थनासभा भरवणाऱ्यांनी ‘प्रिमिटिव्ह मेथडिस्ट’ मंडळी स्थापन केली. म्हणजे ज्या उघड्या आकाशाखाली मेथडिझमचा जन्म झाला, तेथे उपदेश करणारेच आता अडचणीचे वाटू लागले होते. वेस्लींनी मेरी बोसँक्वेट यांच्यासारख्या स्त्रियांना विशेष पाचारण मानून उपदेशाची मोकळीक दिली होती. १८०३ मध्ये कॉन्फरन्सने तिच्यावर कडक बंधने घातली. इंग्लंडातील विविध मेथडिस्ट शाखा पुन्हा एक होण्यास १९३२ साल उजाडले.

दुसरीकडे, वेस्लींनी कल्पिलेही नव्हते अशा ठिकाणी त्यांची पद्धत रुजली. आठवड्याची पेनी, छोटे वर्ग, सभासदत्वाचे तिकीट ही साधने एकोणिसाव्या शतकातील चार्टिस्ट चळवळीने उचलली. १८३४ मध्ये टॉलपडल येथील ज्या सहा शेतमजुरांना संघटना केल्याबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाली, त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस मेथडिस्ट उपदेशक होता. स्वतः वेस्ली राजनिष्ठ व पुराणमतवादी. पण त्यांच्या वर्गांत गरिबांनी बोलण्याचे, हिशोब ठेवण्याचे आणि सभा चालवण्याचे शिक्षण घेतले, आणि हे शिक्षण परत घेता येत नाही.

भारताशीही या इतिहासाचा धागा जुळलेला आहे. थॉमस कोक १८१४ मध्ये पूर्वेकडे येत असता समुद्रातच वारले. त्यांचे सहकारी त्या वर्षी मुंबईस उतरले आणि पुढे श्रीलंकेत गेले. १८५६ मध्ये विल्यम बटलर उत्तर भारतात आले. १८७१-७२ मध्ये विल्यम टेलर यांनी मुंबईत उपदेश केला, तेव्हा त्यांनीही श्रोत्यांना आधी छोट्या वर्गांत बांधले; मुंबईची मेथडिस्ट मंडळी त्यातूनच उभी राहिली. १९४७ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडियात आणि १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात काही मेथडिस्ट मंडळ्या सामील झाल्या. मेथडिस्ट चर्च इन इंडिया १९८१ मध्ये स्वायत्त झाले.

वाचकहो, आपल्या नगरांतही जागृतीच्या सभा होतात, मोठे मंडप भरतात, दूरदूरचे वक्ते येतात. याबद्दल देवाचे आभारच मानावेत. परंतु सभा संपून मंडप उतरवल्यावर, त्या रात्री हात वर केलेल्या माणसाच्या घरी पुढच्या आठवड्यात कोण जाणार आहे, हे आधी ठरलेले असावे. वेस्लींच्या कार्यात हे काम वेस्लींनी केले नाही. ते बारा जणांच्या एका वर्गप्रमुखाने केले. त्या हजारो वर्गप्रमुखांपैकी बहुतेकांची नावे आज कोणालाही ठाऊक नाहीत. आपल्या मंडळीतही अशी माणसे आहेत. पाळकांनी त्यांना हुडकून काढावे, त्यांच्यावर विश्वास टाकावा, आणि त्यांच्या हाती दहा-बारा घरे सोपवावीत.